शाळेनं नाव पाठवलं, पुढे निवड झाली नाही. कॉलेजच्या अर्जात हे लिहायचं का?

सोनचाफा | ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

लेक सप्टेंबरमध्ये बारावीत जाईल. आम्ही न्यू जर्सीत राहतो, शाळा सरकारी, तिच्या बॅचला साधारण चारशे मुलं. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, उघडलं, तेव्हापासून रात्रीची जेवणं आटपली की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसतो. निबंध तिचा ती लिहितेय, त्यात मी पडत नाही. अडलंय ते सन्मानांच्या रकान्यापाशी, आणि एका स्थानिक स्कॉलरशिपसाठी एक पानी रेझ्युमे द्यायचाय, त्यापाशी.

तिच्याकडे जे आहे त्यातलं बरंचसं शाळेनं नाव सुचवल्यामुळे आलेलं आहे:

अकरावीच्या शेवटी शाळेच्या समारंभात मिळालेलं एका विद्यापीठाचं बुक अवॉर्ड. त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब पुस्तक देतो, मूल शाळा निवडते. जाडजूड पुस्तक आहे, आतल्या पानावर तिच्या नावाचं लेबल चिकटवलेलं.

न्यू जर्सी गव्हर्नर्स स्कूल ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे रटगर्स विद्यापीठात उन्हाळ्यात होतं ते. शाळेनं तिचं नाव पाठवलं, तिनं अर्ज केला, निवड झाली नाही.

जर्सी गर्ल्स स्टेट, म्हणजे मुलींना राज्यकारभार शिकवणारं शिबिर. शाळेनं पाठवलं, जूनमध्ये जाऊन आली.

याशिवाय नॅशनल ऑनर सोसायटी (गुण आणि वागणूक पाहून सभासद करून घेते ती), आणि दहावीत शाळेच्या विज्ञान विभागाचं एक प्रशस्तिपत्र.

गव्हर्नर्स स्कूलची ओळ मी रेझ्युमेत घातली होती, तिनं खोडली. म्हणाली, "आई, जे मला मिळालंच नाही ते मी कसं लिहू?" वसंतात नकाराची ईमेल आली तेव्हा दोन दिवस धड जेवली नव्हती, म्हणून मीही ताणलं नाही. पण मनातून वाटतं की एवढ्या मुलांतून शाळेनं तिचं नाव काढलं, त्याला काहीच किंमत नाही का? नवरा म्हणतो, निवड झाली नसेल तर लिहू नये, लाजिरवाणं दिसतं.

दुसरं म्हणजे कॉमन ॲपमध्ये सन्मानाची पातळी विचारतात: शाळा, राज्य किंवा विभाग, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. बुक अवॉर्ड देणारं विद्यापीठ देशभर नावाजलेलं, पण मिळालं शाळेत. मग खूण कुठे करायची?

ज्यांच्या मुलांचे अर्ज होऊन गेलेत त्यांनी कृपया सांगा.


केवडा | ९ ऑगस्ट, रात्री ११:२०

लेकीचं मनापासून अभिनंदन, ताई. आमच्याकडे पुढच्या वर्षी हेच आहे. वाचतेय.


रानवारा | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

सोनचाफा, आमचा मोठा दोन वर्षांपूर्वी यातून गेला. जे शिकलो ते सांगतो.

आधी जागेचा हिशेब. कॉमन ॲपमध्ये सन्मान फक्त पाच आणि प्रत्येकाला १०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. उपक्रम दहा, त्यांच्या वर्णनाला १५० अक्षरं. सन्मानांचा प्रश्न नीट वाचलात तर तिथे नववीपासूनचे शैक्षणिक सन्मान विचारलेत. त्यामुळे गर्ल्स स्टेट तिथे खर्ची घालू नका. तो आठवडाभराचा कार्यक्रम आहे, तिनं तिथे काहीतरी केलं असेल: निवडणूक लढवली, विधेयक मांडलं, वर्तमानपत्र काढलं. ते उपक्रमांत जास्त खुलतं, आणि "शाळेतर्फे निवड" हे दोन शब्द तिथेही बसतात. ऑनर सोसायटीचंही तसंच. तिथे नुसतं सभासदत्व असेल तर सन्मान, काही काम केलं असेल तर उपक्रम. दोन्हीकडे एकच गोष्ट लिहून जागा घालवू नका.

पातळीबद्दल आमच्या शाळेच्या काउन्सेलरनी एक साधा प्रश्न शिकवला होता: निवड करताना तुमच्या मुलाची तुलना कुणाशी झाली? शाळेतल्या मुलांशी झाली असेल तर पातळी शाळा, मग पदकावर नाव कुणाचंही असो. हार्वर्ड, येल यांच्या नावाची बुक अवॉर्ड्स, आरपीआय या तंत्रविद्यापीठाचं रेन्सलर मेडल, रोचेस्टर विद्यापीठाचं बॉश अँड लॉम्ब विज्ञान पारितोषिक, या सगळ्यांत विद्यार्थी ठरवते शाळा. "राष्ट्रीय" अशी खूण केली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं, कारण त्यांच्या टेबलावर ही नावं वर्षानुवर्षं शेकड्यांनी येतात.

आणि एक, बुक अवॉर्ड मिळालं म्हणून ते विद्यापीठ प्रवेश देईल असा अनेक पालकांचा समज असतो. तसं काही नसतं. रेन्सलर मेडल वेगळं, तिथे प्रवेश मिळून तिथेच गेलात तर त्यासोबत शिष्यवृत्ती आहे.


मैलाचादगड | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

माझं मत थोडं कडक वाटेल, पण कळकळीनं लिहितोय.

पाचच जागा आहेत. माझ्या मुलीकडे एआयएमई या गणिताच्या परीक्षेची पात्रता, यूएसएको या प्रोग्रामिंग स्पर्धेतला गोल्ड गट, राज्य पातळीवरचं विज्ञान प्रदर्शन असं होतं. तिलाही एका ठिकाणी शाळेचं नामांकन होतं, ते आम्ही लिहिलं नाही. जे जिंकलं ते बोलतं. जिथे निवड झाली नाही ते लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष आपणच नकाराकडे वळवतो. हे वाचणारी माणसं एका अर्जाला फार थोडा वेळ देतात. त्या वेळात त्यांना "नॉमिनी" हा शब्द दिसावा की "विनर"?


सोनचाफा | १० ऑगस्ट, दुपारी १२:१५

रानवारा, खूप आभार. तुलना कुणाशी झाली हे पाहायचं, एवढ्यावर पातळीचं कोडं सुटलं.

मैलाचादगड, तुमचं पटतंय, पण माझ्या लेकीकडे जिंकलेल्या गोष्टींची अशी रांग नाही. शाळा सुटल्यावर आठवड्यातले तीन दिवस ती धाकट्या भावाला सांभाळते, मी आणि नवरा दोघंही उशिरा येतो. स्पर्धांच्या मागे तिला फारसं जाता आलं नाही.


फळाआणिखडू | १० ऑगस्ट, रात्री ८:४५

धागा दुपारीच पाहिला होता, शाळेची तयारी आटपून आता सावकाश लिहितेय. मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते, हे सोळावं वर्ष. "शाळेनं नाव पाठवलं" हे तीन शब्द जिथे घडतात ती खोली तुम्हाला दाखवावीशी वाटते.

आमच्याकडे हे मार्चमध्ये होतं. शाळा सुटल्यावर विज्ञान विभागाचे आम्ही नऊजण माझ्या लॅबमध्ये बसतो. काउन्सेलिंग ऑफिसकडून यादी आलेली असते: अमुक पदकाला एक नाव, तमुक पुरस्काराला एक, उन्हाळी कार्यक्रमाला दोन. काही पुरस्कारांना आम्ही सरळ गुण बघतो, वरचं नाव घेतो, दोन मिनिटांत काम होतं. पण ज्याला "एकच नाव" आणि "विज्ञानाची ओढ" असं काहीतरी म्हटलेलं असतं, तिथे खरी चर्चा होते.

यंदा एका पदकासाठी चार नावं फळ्यावर होती. चौघांच्याही गुणांत म्हणाल तर काही फरक नव्हता. फिजिक्सचे सर म्हणाले, हा मुलगा मला रोज एक प्रश्न विचारतो ज्याचं उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागतं. बायोलॉजीच्या बाई म्हणाल्या, ही मुलगी दुसऱ्यांच्या प्रयोगाला मदत करते आणि त्याचं श्रेय घेत नाही. मी जिच्यासाठी बोलले तिनं टायट्रेशनचा एक प्रयोग तीनदा केला होता. पहिल्याच वेळी उत्तर गुण मिळण्याइतकं बरोबर आलं होतं, पण ब्युरेटच्या तोटीखाली एक थेंब लोंबकळत राहिला तो आपण मोजला की नाही, एवढ्यावरून तिला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ती परत आली, आणि तिसऱ्या दिवशीही. ही चर्चा तासभर चालली. मग हात वर करून मतं घेतली, पाच विरुद्ध चार. मी सांगितलेली मुलगी हरली. तिला हे आजतागायत माहीत नाही, आणि कळणारही नाही, कारण त्या खोलीतलं आम्ही बाहेर बोलत नाही.

सोनचाफा, तुमच्या लेकीचं नाव अशाच कुठल्यातरी खोलीतून बाहेर आलंय. तिला रोज पाहणाऱ्या माणसांनी तिच्यासाठी भांडून ते काढलंय. पुढे राज्याच्या समितीनं कागद पाहून नाही म्हटलं, तो वेगळा निकाल. पहिला निकाल त्यामुळे रद्द होत नाही.

म्हणून माझं म्हणणं: जरूर लिहा, पण जे घडलं तेच आणि तेवढंच. आणि नुसतं "नॉमिनेटेड" लिहून सोडू नका. त्या शब्दातून परक्याला काही कळत नाही. कुणी निवडलं, कितीजणांतून, कशासाठी, हे कळलं पाहिजे. "फॅकल्टीनं निवडलेले दोघं, बॅच ४००" एवढं जरी असलं तरी वाचणाऱ्याला ती खोली दिसते.

हे आकडे काउन्सेलरना विचारा. मुलं विचारायला लाजतात, पण आम्हाला सांगायला आनंद होतो. आणि वसंतात शाळेनं ब्रॅग शीट, म्हणजे मुलाच्या कामगिरीचा फॉर्म, भरून घेतलं असेल, त्यात हे राहिलं असेल तर आत्ता कळवा. काउन्सेलर कॉलेजसाठीचं शिफारसपत्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहितात, एकेकीकडे शेकड्यांनी मुलं असतात, मार्चमधल्या गोष्टी आठवतीलच असं नाही. मुलीच्या शंभर अक्षरांत जे मावत नाही ते पत्रातल्या एका वाक्यात येऊ शकतं, आणि शाळेच्या तोंडून आलेलं वाक्य जड असतं.


केवडा | १० ऑगस्ट, रात्री ९:१०

फळाआणिखडू, डोळे भरून आले त्या मुलीसाठी.


मैलाचादगड | १० ऑगस्ट, रात्री १०:००

मॅडम, तुमचा प्रतिसाद मुलीलाही वाचून दाखवला. ज्याच्याकडे पाच मोठ्या गोष्टी आहेत त्यानं नामांकन सोडावं हे माझं मत कायम आहे. पण सोनचाफांच्या मुलीनं लिहावं. "किती जणांतून" हे सोबत असेल तर नकाराकडे लक्ष जात नाही, हेही पटलं.


उंबरठा | ११ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई हा धागा वाचत होती, तिनं सांगितलं म्हणून लिहितेय. मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझ्याकडून झालेली चूक सांगते. शाळेनं माझं नाव युनायटेड स्टेट्स सिनेट यूथ प्रोग्रामसाठी पाठवलं होतं. तिथे प्रत्येक राज्यातून फक्त दोघं निवडतात, वॉशिंग्टन डीसी आणि लष्करी तळांवरच्या शाळा धरून एकूण १०४, त्यांना १०,००० डॉलरची शिष्यवृत्ती आणि वॉशिंग्टनमध्ये एक आठवडा. माझी राज्यात निवड झाली नाही. रेझ्युमेत मी ओळ लिहिली ती अशी: "यूएस सिनेट यूथ प्रोग्राम, इयत्ता ११". नॉमिनी हा शब्द लिहिला नाही. मुद्दाम खोटं लिहावं असं मनात नव्हतं. ओळ लांब होत होती म्हणून शब्द काढला, आणि मग तो नसलेलाच बरा दिसतो असं वाटायला लागलं. हे मी स्वतःशी कबूल करायला बरेच महिने लागले.

एका कॉलेजसाठी माजी विद्यार्थ्यांपैकी एक बाई मुलाखत घेणार होत्या, कॉफीच्या दुकानात. त्यांना अर्ज दिसत नाही, म्हणून रेझ्युमेची प्रत घेऊन गेले. त्यांनी बोट ठेवलं ते त्याच ओळीवर. चेहरा उजळला त्यांचा. म्हणाल्या, "वॉशिंग्टनचा आठवडा कसा होता?" मला सांगावं लागलं की मी गेले नव्हते, शाळेनं नुसतं नाव पाठवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, "अच्छा" म्हणून पुढच्या ओळीवर गेल्या. पण नंतर मी जे जे सांगितलं, माझं वाचनालयातलं काम, जे शंभर टक्के खरं होतं, तेसुद्धा त्या जपून ऐकतायत असं वाटत राहिलं.

आणि काउन्सेलरच्या पत्रात "आमच्या शाळेची नॉमिनी" असंच लिहिलेलं होतं, हे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. ती पत्रं वाचायचा हक्क आपण अर्ज करताना सोडून दिलेला असतो, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही. दोन कागदांवर दोन गोष्टी असतील तर त्या आपल्यामागे जुळवून पाहिल्या जातात. सही करताना सगळं खरं आहे असं आपण लिहून देतो, आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशसुद्धा काढून घेऊ शकतात.

तुमच्या लेकीला सांगा, तो शब्द लिही. तो शब्द असताना त्या बाईंनी विचारलं असतं तर मी दहा मिनिटं छान बोलले असते, कारण त्या अर्जासाठी मी आमच्या गावच्या कौन्सिलच्या सहा बैठका बसून ऐकल्या होत्या.


फळाआणिखडू | ११ ऑगस्ट, सकाळी ७:१५

बाळा, हे इतकं मोकळेपणानं लिहिलंस, खूप मुलांना उपयोग होईल. आणि मराठी उत्तम आहे तुझं.


पाऊलवाट | ११ ऑगस्ट, दुपारी १:३०

आम्ही कॅलिफोर्नियात. इथल्या यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज वेगळा आहे, म्हणून थोडं लिहिते, कारण न्यू जर्सीची मुलंही तिथे अर्ज करतात.

यूसीमध्ये उपक्रम आणि सन्मान मिळून वीस नोंदी. नुसता रेझ्युमे तिथे जोडता येत नाही, आणि बहुतेकांना शिफारसपत्रंही मागत नाहीत, म्हणजे शाळेच्या तोंडून येणारं ते वाक्य तिथे मिळणार नाही. पण सन्मानाच्या नोंदीत पात्रतेच्या अटी काय होत्या हे वेगळं विचारतात, आणि तो मिळवण्यासाठी काय केलंत यालाही ३५० अक्षरं देतात. नामांकनाची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही. अटींमध्ये लिहायचं: शाळेला अमुकच नावं पाठवता येतात, निवड शिक्षक करतात. पुढच्या चौकटीत आपलं काम. कॉमन ॲपमधली ओळ तशीच चिकटवू नका.

आणि यूसी दरवर्षी काही अर्जदारांना निवडून लिहिलेल्या गोष्टींचा पुरावा मागते. उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो. म्हणून शाळेनं नाव पाठवल्याची ईमेल जपून ठेवा. माझ्या मुलानं अशा ईमेलसाठी एक फोल्डर केलं होतं.

एमआयटीचाही अर्ज स्वतंत्र. तिथे शैक्षणिक पाच आणि इतर पाच असे सन्मान वेगवेगळे मागतात.


गोदाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ८:२० (भारतातून)

नमस्कार. आम्ही नाशिकला. मुलगा बारावीत आहे, अमेरिकेत अर्ज करायचाय. शाळेनं इन्स्पायर अवॉर्ड मानकसाठी त्याची कल्पना पाठवली होती, कांदा चाळीतला ओलावा मोजून इशारा देणारं यंत्र. शाळेतून पाच कल्पना गेल्या, त्यातली याची निवड झाली, १०,००० रुपये खात्यात आले. पण तेव्हा तो आठवीत होता. जिल्ह्याचं प्रदर्शन झालं तोपर्यंत नववीत गेला होता. हे लिहिता येईल का? आणि आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा? दहावीला शाळेचा आदर्श विद्यार्थी पुरस्कारही आहे, त्याचं इंग्रजी काय करावं?


रानवारा | ११ ऑगस्ट, रात्री ८:५५

गोदाकाठ, तुमच्याकडची नववी म्हणजे इथलीही नववीच. सन्मान नववीपासूनचे, त्यामुळे आठवीची शिष्यवृत्ती नाही लिहिता येणार. इन्स्पायरमध्ये जिल्हा प्रदर्शनातला सहभाग नववीतला आहे, तेव्हा ती ओळ नववीची म्हणून टाका. शाळेनं निवडलेल्या पाच कल्पनांपैकी एक, केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना, जिल्हा प्रदर्शनासाठी निवड, असं. इथे वाचणाऱ्याला इन्स्पायर म्हणजे काय हे ठाऊक नसण्याची शक्यता धरून चला. आणि त्यानं त्या यंत्रावर पुढेही काम केलं असेल, एखाद्या शेतकऱ्याच्या चाळीत लावून पाहिलं असेल, तर ते उपक्रमांत वर घ्या. मला तरी त्या यंत्राबद्दल वाचायला जास्त आवडेल.

"आदर्श विद्यार्थी"चं शब्दशः भाषांतर नको. शिक्षकांनी दहावीच्या एवढ्या मुलांतून एकाला दिलेला पुरस्कार, अभ्यास आणि वागणूक पाहून, असं सरळ लिहा. पातळी शाळा.


गोदाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

मनापासून धन्यवाद सर. चाळीत लावलं होतं, मामाच्या, निफाडला. दोन हंगाम. हे लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं.


ओसरी | १२ ऑगस्ट, सकाळी १०:१०

थोडं वेगळं विचारते. आमच्या दहावीतल्या मुलाला जाड कागदावर छापलेलं पत्र आलंय, सोनेरी शिक्का आहे, "तुमचं नामांकन झालं आहे". तीन दिवसांचं संमेलन, फी भरायची आहे. हेही शाळेचं नामांकन का?


फळाआणिखडू | १२ ऑगस्ट, दुपारी ४:४०

शाळेच्या काउन्सेलरना एक ओळ लिहून विचारा: आपण याचं नाव पाठवलंत का? बहुतेक वेळा उत्तर "नाही" येतं. मुलं परीक्षांच्या वेळी किंवा सर्वेक्षणात जी माहिती भरतात त्यावरून अशी पत्रं हजारोंनी जातात. मुलाला संमेलन आवडेल आणि तुम्हाला परवडत असेल तर पाठवा, पण सन्मान म्हणून लिहू नका. जिथे शाळेनं खरंच नाव पाठवलेलं असतं तिथे आम्ही मुलाला बोलावून सांगतो. ती बातमी फक्त टपालानं कधीच येत नाही.


रानवारा | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

यातच आणखी एक, वेळेचं. नॅशनल मेरिट या शिष्यवृत्ती स्पर्धेत सुमारे १६,००० सेमीफायनलिस्ट सप्टेंबरमध्ये जाहीर होतात आणि फायनलिस्ट फेब्रुवारीत. १ नोव्हेंबरला अर्ज जात असेल तर "सेमीफायनलिस्ट" एवढंच लिहायचं, मग पुढचं नक्की होणार असं कितीही वाटत असलं तरी. नंतर झालं की कॉलेजच्या पोर्टलवरून कळवता येतं.

सोनचाफा, तुमची लेक मराठी शाळेत जायची का? तसं असेल तर स्टेट सील ऑफ बायलिटरसीचा, म्हणजे दोन भाषा येत असल्याच्या मान्यतेचा, विचार केलात का? मराठीची परीक्षा देऊन ते मिळतं, आणि ते राज्याचं आहे.


सोनचाफा | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

आठवडाभर गायब होते, माफ करा. खूप काही झालं.

उंबरठाचा प्रतिसाद लेकीनं स्वतः वाचला, दोनदा. मग मला न सांगता तिनं काउन्सेलरना ईमेल केली. सुट्टी असूनही त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. गव्हर्नर्स स्कूलसाठी आमच्या शाळेत एकवीस मुलांनी इच्छा दाखवली होती, शाळेनं दोन नावं पाठवली. आणि त्यांनी पुढे लिहिलंय की तिच्या गणिताच्या सरांनी तिच्यासाठी पानभर टिपण दिलं होतं. ते टिपण त्यांनी पाठवलं नाही, तो त्यांचा नियम असेल, पण त्यातली एक गोष्ट सांगितली. नववीत एका मुलाला भूमिती जमत नव्हती, त्याला ती वर्षभर दर गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या आधी शिकवायची. आम्हाला घरी हे माहीतच नव्हतं. ती बस सोडून लवकर चालत का जाते असं मी विचारायची, तर म्हणायची काम आहे.

ईमेल वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग लॅपटॉप ओढून खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, स्वतःच्या हातानं. अशी झाली: "स्कूल नॉमिनी, न्यू जर्सी गव्हर्नर्स स्कूल ऑफ इंजिनिअरिंग, २ ऑफ २१, फॅकल्टी सिलेक्टेड". पातळी शाळा. शंभरात बसली.

बुक अवॉर्डच्या ओळीत विद्यापीठाचं नाव आहेच, पुढे "वन ज्युनियर चोझन बाय फॅकल्टी" घातलं. पातळी शाळाच. विज्ञान विभागाचं प्रशस्तिपत्र तिसरं. ऑनर सोसायटी उपक्रमांत गेली, तिथे ती शिकवण्यांचं वेळापत्रक लावते. गर्ल्स स्टेटही तिकडेच, तिनं तिथे शाळेच्या बस उशिरा सोडण्याबद्दल विधेयक मांडलं होतं आणि ते पडलं, हेसुद्धा लिहिलंय. भावाला सांभाळणं हाही उपक्रम म्हणून लिहिता येतो हे काउन्सेलरनीच सांगितलं, अर्जात कौटुंबिक जबाबदाऱ्यांचा पर्याय आहे. गुरुवारच्या भूमितीलाही एक जागा दिली.

रानवारा, सीलचं आमच्या डोक्यातच नव्हतं. बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) अभ्यासक्रमाच्या मराठी शाळेत ती सहा वर्षं जात होती. शरद ऋतूत परीक्षा देणार आहे. सील डिप्लोमाबरोबरच मिळतं, म्हणून आत्ता लिहिणार नाही. परीक्षेचा निकाल अर्जाआधी आला तर "पात्र" असं लिहिता येईल का, हे विचारलंय.


मैलाचादगड | १९ ऑगस्ट, रात्री ११:३०

"२ ऑफ २१" हे फार उत्तम झालं. मुलीला शाबासकी सांगा.


फळाआणिखडू | २० ऑगस्ट, सकाळी ६:५०

सोनचाफा, पात्र असं लिहिता येईल, निकाल हातात असला तर. आणि एक विनंती. गणिताच्या सरांना तिनं शाळा सुरू झाल्यावर प्रत्यक्ष भेटून सांगावं की टिपणाबद्दल कळलं. आम्हाला ते सहसा कुणी सांगत नाही.


सोनचाफा | २० ऑगस्ट, रात्री ९:४०

शाळा ४ सप्टेंबरला सुरू होतेय. तिनं त्या दिवशी सकाळी लवकर जायचं ठरवलंय, गुरुवारसारखं.